एका नावाची वाटणी

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता वैजनाथ अडकिणे यांनी टेबलावरच्या कंप्युटरात आपली नवीकोरी वेबसाइट उघडली, आणि समोर आला धाकट्या भावाचा फोटो. गळ्यात उपरणं घालून विजयकुमार हसत होता आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हमाल हजेरी'.

"साधनाबाईऽऽ!"

साधना खिल्लारे शेजारच्याच टेबलाशी बसलेली होती. तिला बोलवायला एवढा घसा फोडायची गरज नव्हती, पण हळू बोललं की माणसाची किंमत कमी होते असं वैजनाथदादांचं पक्कं मत होतं. ती उठली. उठताना तिनं सकाळीच टाइप करून ठेवलेला एक कागद हातात घेतला, कारण दादांनी आपणहून बोलावण्याचा योग आठवड्यातून एखादाच यायचा.

"हे काय हाय?"

"विजूभाऊंचा फोटो हाय, दादा."

"ते मलाबी दिसून राहिलं! माझ्या वेबसाइटीवर ह्यो काहून?"

ती वेबसाइट म्हणजे दादांचा जीव की प्राण. नांदेडहून माणसं आणून, हळदीच्या शेतावर ड्रोन उडवून, फेटा बांधून एका पोत्यावर पाय ठेवलेला स्वतःचा फोटो काढून त्यांनी ती करवून घेतली होती. वर 'तीन पिढ्यांचा विश्वास' असं लिहिलेलं. धंदा सुरू केला वडलांनी, म्हणजे पिढ्या झाल्या दोन. तिसरी अजून दहावीच्या गणितात अडकलेली होती. पण वेबसाइटवर पिढ्या मोजायला कोण येतं, असं दादांचं म्हणणं.

साधनानं त्यांचा मोबाइल घेतला, वायफाय बंद केलं आणि तीच वेबसाइट उघडून दाखवली. फेटा, पोतं, पाय, सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं वायफाय चालू केलं. विजयकुमार हसत हजर.

"वायफाय काढलं की मी, न् लावलं की विजू," दादा हादरून म्हणाले. "म्हंजे ह्यो वायफायमदी शिरून बसला!"

"तसं न्हाई, दादा. बाहेर साऱ्या जगाला तुमीच दिसता. फक्त आपल्या हापिसात असं दिसतंय."

"मी कुठं बसतो? हापिसातच ना? मग जग घेऊन काय करू?"

साधनानं हातातला कागद पुढे केला. "दादा, ते माझ्या अनुभवाच्या दाखल्याचं... सही पाहिजे होती."

"आधी ह्यो फोटो काढा. मग सही."

त्या सहीवर साधनाचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. हिंगोलीच्या एका सरकारी कार्यालयात संगणक चालकाच्या कायम जागेसाठी तिची निवड झाली होती. पुढच्या वर्षी तिचं वय अटीत बसणार नव्हतं, म्हणजे ही संधी पहिली आणि शेवटची. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कागदपत्रं दाखवायची होती आणि त्यात दहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता. मालक एकाहून जास्त असतील तर सर्वांच्या सह्या आणि शिक्का. हा नियम ज्यानं कोणी केला त्यानं अडकिणे बंधूंना पाहिलेलं नसावं.

कारण वारंगा फाट्यावरच्या या हळद केंद्राची वाटणी झाली होती. हळद घ्यायची, साफ करून पॉलिश करायची आणि पुढे पाठवायची, असा तातेराव अडकिण्यांचा जमलेला धंदा. तातेराव वारले आणि वर्षाच्या आत दोन्ही लेकांनी सख्ख्या मामाला पंच म्हणून बसवलं. जळबामामांनी उभ्या हयातीत शेतांच्या वाटण्या केल्या होत्या, त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू त्यांना शेतासारखीच दिसायची. त्यांनी ऑफिसच्या मधोमध भिंत घातली. पंखे दोन-दोन. इंटरनेटची पेटी रस्त्याच्या बाजूला होती म्हणून थोरल्याकडे, सर्व्हर आतल्या खोलीत होता म्हणून धाकट्याकडे. रबरी शिक्का थोरल्याकडे गेला आणि त्याचं शाईचं पॅड धाकट्याकडे. तेव्हापासून दोन वर्षांत त्या केंद्रातून शिक्क्याचा एकही कागद बाहेर पडला नव्हता.

शेवटी राहिलं केंद्राचं नाव. मामांनी साधनाला विचारलं होतं, "हे कंप्युटरमदलं नाव कुठं कुठं हाय?"

"एक बाहेर, वेबसाइटचं. न् एक आत, हापिसातल्या कंप्युटरांचं आपसातलं. पण मामा, नाव एकच हाय."

"एकच हाय तर दोन ठिकाणी कसं?"

त्याची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. सर्व्हर बसवताना साधना म्हणाली होती की आतल्या नेटवर्कला वेगळं नाव देऊ, नाहीतर पुढे तकलीफ होईल. त्यावर तातेराव म्हणाले होते, "घरात एक नाव न् बाहेर दुसरं, असं चोर करतात. आमी न्हाई करत." अडकिण्यांच्या घरात एखादी गोष्ट एकदा अब्रूची ठरली की तिथं अक्कल चालत नसे. नाव एकच राहिलं.

मामांनी मात्र ते दोन मिनिटांत कापलं. वाटणीपत्रात त्यांनी लिहिलं, 'बाहेरील नाव थोरल्याकडे, आतील नाव धाकट्याकडे, कोणी कोणाच्या हद्दीत जाऊ नये.' आणि त्याखाली, आणखी एक वस्तू उरलीच आहे अशा सुरात, 'साधनाबाई जेवणाच्या सुट्टीपर्यंत थोरल्याकडे, नंतर धाकट्याकडे.' भिंतीला दार ठेवायला दोघांचाही विरोध होता. म्हणून साधना रोज दुपारी डबा खाऊन बाहेर पडायची, हायवेच्या धुळीतून इमारतीला वळसा घालायची आणि त्याच भिंतीच्या पलीकडे येऊन बसायची.

दादांना समजावून सांगायचा तिनं प्रयत्न केला. समजणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण सही हवी होती.

"दादा, तुमी वारंगा गावात उभं राहून एखाद्याला इचारलं, वारंगा कुठं हाय, तर तो काय म्हणन?"

"हेच की म्हणन."

"फाट्यावर पाठवीन का?"

"काहून पाठवीन? ज्याला फाट्यावर जायचं त्यानं फाटा म्हणावं."

"बस, तेच. आपला कंप्युटर विजूभाऊंच्या सर्व्हरला इचारतो, ह्या नावाचं कोण हाय? तो म्हणतो, मीच हाय. अन् आपलं पान दाखवतो. त्या सर्व्हरात फक्त एक ओळ लिहायची. नावाच्या आधी तीन डब्ल्यू लावून कोणी इचारलं तर त्याला बाहेर वेबसाइटकडं पाठव. अर्ध्या मिनिटाचं काम. विजूभाऊंचं काईच बिघडत न्हाई, तुमचंबी दिसतं."

दादांनी यातलं त्यांना हवं तेवढंच घेतलं. डोळे बारीक करून ते म्हणाले, "म्हंजे माझ्या वेबसाइटीची वाट त्याच्या हद्दीतून जाते."

"तसंच समजा."

"न् ती त्यानं अडवली."

हे मात्र खरं होतं. ती ओळ पूर्वी सर्व्हरात होतीच. आदल्याच दुपारी विजयकुमारला तिचा पत्ता लागला आणि त्यानं साधनाला समोर बसवून ती पुसायला लावली. तिनं हे दादांना सांगितलं नाही. आपल्याच घरातल्या आगीत तेल ओतायला माणसांना पगार द्यावा लागत नाही, आणि हे दोघं तर फुकटात कोठार भरून ठेवणारे होते.

दुपारी ती वळसा घालून पलीकडे गेली. विजयकुमार अडकिणे थोरल्यापेक्षा शिकलेला होता, म्हणजे त्याला मूर्खपणा व्यवस्थित मुद्द्यांसह मांडता यायचा.

"विजूभाऊ, ती एक ओळ परत लिहू द्या. तुमची हजेरी, काट्याचा हिशेब, काईच हलत न्हाई."

"म्याडम, आज ओळ म्हणून राहिले. उद्या काय?"

"उद्या काईच न्हाई."

"वाट एकदा दिली की वहिवाट पडते. बारा वर्षांनी तो म्हणन, हा रस्ता माझाच. मग मी कोर्टात जाऊ?"

"भाऊ, हा कंप्युटर हाय, शेत न्हाई."

"शेताबद्दल आमचे वडीलबी असंच म्हणायचे, घरचंच हाय, मोजणी कशाला. पाहिलं ना काय झालं?"

काय झालं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण विजयकुमार मान हलवत राहिला. साधनानं दाखला पुढे सरकवला. त्यानं तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी सही करतो. पण तुमी आधी लिहून द्या की माझ्या सर्व्हरला हात लावणार न्हाई."

तिनं लिहून दिलं. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "आधी दादाची सही येऊ द्या. थोरल्याचा मान असतो." दोन वर्षांत थोरल्याला मान देण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. साधनाला दोघांच्याही तोंडावर कागद फेकून निघून जावंसं वाटलं, पण ती हजेरी भरत राहिली.

गुरुवारी सकाळी तिनं आडवाट धरली. सर्व्हरला हात न लावता थेट दादांच्या कंप्युटरातच वेबसाइटचा पत्ता लिहून टाकला, म्हणजे तो कंप्युटर कोणालाच विचारायला जाणार नाही, आपला सरळ बाहेर जाईल. दादांनी वेबसाइट उघडली. फेटा, पोतं, पाय.

"व्वा!" दादांचा चेहरा फुलला. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, दाखला समोर ओढला. पण नुसता आनंद होणं दादांच्या स्वभावातच नव्हतं; तो कोणाच्या तरी नाकावर टिच्चून झाल्याशिवाय त्यांना गोड लागत नसे. पेन तसंच हातात धरून ते भिंतीजवळ गेले आणि ओरडले, "विजूऽऽ! घेतली रे वाट! बस आता सर्व्हर उरावर घेऊन!"

भिंत वीटभर जाडीची होती. अर्ध्या मिनिटात विजयकुमार वळसा घालून दारात उभा राहिला, हातात साधनानं लिहून दिलेला कागद.

"म्याडम, हे तुमचंच अक्षर हाय ना?"

"भाऊ, मी सर्व्हरला हात लावला न्हाई. हे फक्त दादांच्या कंप्युटरात केलं."

"फक्त माझ्या?" आता दादा वळले. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कंप्युटरात वेबसाइट उघडली. धाकटा हसला. मोबाइल वायफायवर घेतला. धाकटा तिथंही हसला. "म्हंजे एका खुर्चीपुरतीच वाट? बाकीचं हापिस काय त्याच्या बापाचं हाय?"

"माझ्या न् तुझ्या बापाचंच हाय," विजयकुमार म्हणाला. त्या दिवसात कोणीही बोललेलं हे एकच शहाणपणाचं वाक्य, आणि तेही भांडणाच्या भरात निघून गेलं.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. विजयकुमारनं पलीकडे जाऊन सर्व्हर बंद केला, तर थोरल्याच्या बाजूचा वजनकाटा बंद पडला, कारण काट्याचा हिशेब सर्व्हरवर चालायचा. ते पाहून दादांनी इंटरनेटच्या पेटीतून पलीकडे जाणारी वायर उपटली. आता विजयकुमारच्या गाड्यांची ऑनलाइन कागदपत्रं निघेनात. अकरापर्यंत थोरल्याच्या दारात हळदीनं भरलेले चार टेम्पो वजनासाठी उभे राहिले आणि धाकट्याच्या दारात तीन ट्रक कागदांसाठी. त्यांचं शेपूट हायवेवर गेलं. नांदेडकडून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं खाली उतरून दोन्ही भावांच्या आया-बहिणींची एकत्रच चौकशी केली, बिचाऱ्याला वाटणीची काय कल्पना.

"साधनाबाई, काटा चालू करा!" अलीकडून दादा.

"म्याडम, इंटरनेट जोडा!" पलीकडून भाऊ.

"काटा जोडायचा तर सर्व्हर चालू पाहिजे, न् इंटरनेट जोडायचं तर वायर," साधना भिंतीकडे तोंड करून दोघांनाही एकदमच म्हणाली. "दोघंबी एकेक बटण दाबा, मिटलं!"

दोघांपैकी एकानंही बटण दाबलं नाही. दोघांनी जळबामामांना फोन मात्र केला. त्या दिवसातली ती त्यांची एकमेव सारखी कृती.

मामा डोंगरकड्याहून शुक्रवारी दुपारी दोनला आले. येताना मोजणीची टेप आणली होती. हायवेवर रात्रभर थांबलेले ट्रकवाले तोवर शिव्यांचा साठा संपवून झोपले होते. मामांनी आधी भिंत मोजली. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. मग ते सर्व्हरसमोर स्टुलावर बसले.

"दाखवा तो बांध."

"मामा, बांध नसतो ह्याच्यात," साधना म्हणाली. "एक ओळ लिहायची हाय. दोघांचं दोघांकडं राहतं. दोघांचंबी एकाच टायमाला दिसतं."

"एकाच टायमाला कसं दिसन? एका इहिरीवर दोन मोटरी एकाच टायमाला चालतात का?"

"हो, मामा, इथं चालतात."

"मग भाऊ काहून भांडून राहिले?" मामांनी विजयी मुद्रेनं विचारलं. साधनाला वाटलं, हाच प्रश्न आपण गेली दोन वर्षं विचारतोय.

मामांनी बराच वेळ विचार केला. त्यांचा विचार बाहेरूनच दिसायचा. ओठ हलायचे, बोटांवर मोजणी चालायची. शेवटी त्यांनी निवाडा दिला.

"पाळी लावू. पाण्याची लावतो तशी. सोमवार ते बुधवार नाव थोरल्याचं, त्याची वेबसाइट दिसन. गुरुवार ते शनिवार धाकट्याचं, त्याची हजेरी दिसन. रविवारी नाव मोकळं सोडायचं, त्याला इसावा."

"नावाला इसावा?" साधनाच्या तोंडून निघून गेलं.

"बैलालाबी देतो आपण."

साधनानं दोन्ही भावांकडे पाहिलं. आता तरी हसतील असं तिला वाटलं. पण दोघंही गंभीर होते. थोरला म्हणाला, "सोमवार मला, बराबर हाय." धाकटा म्हणाला, "शनिवार माझ्याकडं, चालन." दोन वर्षांत दोघांचं एकमत झालं ते इथं.

"पण दर पाळीला फिरवायचं कोणी?" विजयकुमारनं विचारलं.

"साधनाबाई हायेत की," मामा म्हणाले.

तेव्हा तिघांनीही साधनाकडे पाहिलं. घड्याळात तीनला दहा कमी होती.

"मामा, दादा, भाऊ," ती एकेका शब्दावर जोर देत म्हणाली, "मला आज पाचच्या आत हिंगोलीला दाखला द्यायचा हाय. माझी नोकरी लागलेली हाय. दोघांच्या सह्या द्या. मी ती ओळ आत्ता लिहून जाते, मग पाळीची गरजच न्हाई."

"न्हाई न्हाई," दादा घाबरून म्हणाले. "तुमी गेल्या तर पाळी कोण सांभाळीन?"

"दादा बराबर बोलून राहिला," विजयकुमार म्हणाला. हे वाक्यही त्यानं जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. "म्याडमला सोडून चालणार न्हाई."

"अकरा वर्षं मी तुमच्याकडं राबले," साधना म्हणाली. "वाटणीत मला टेबलासारखं वाटून घेतलं तरी मी बोलले न्हाई. एक सही मागते तर तीबी न्हाई?"

दोघं भाऊ खाली बघत राहिले. पण तो लाजेचा नव्हता, विचाराचा क्षण होता, आणि अडकिण्यांच्या घरात विचार हा लाजेपेक्षा जास्त धोक्याचा.

"मी त्या हापिसालाच लेखी कळवतो," दादा एकदम म्हणाले. "की आमी ह्यांना सोडत न्हाई. खेळ खलास."

"दोघांच्या सह्या घालू," विजयकुमार सरसावला. "म्हंजे वजन पडन."

"शिक्काबी मारा," मामा म्हणाले. "साक्षीदार म्हणून मी हाय. टाइप करा, साधनाबाई."

साधना कंप्युटरसमोर बसली. डोळे भरून आले होते, अक्षरं नीट दिसत नव्हती. दादा मागे हात बांधून येरझाऱ्या घालत सांगू लागले, "लिहा. आमी खाली सह्या करणारे, दोन्ही मालक, लिहून देतो की साधनाबाई आमच्याकडं काम करतात, सबब त्यांना घेऊ नये."

तिनं ते टाइप केलं. टाइप करून वाचलं. आणि मग तिची बोटं जागीच थांबली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि अगदी हळू, साध्या आवाजात म्हणाली, "दादा, एवढ्यानं ते ऐकणार न्हाईत. म्हणतील, कोणीबी उठून लिहून देईन. किती वर्षांपासून, कोणतं काम, सगळं तपशीलवार पाहिजे."

"बराबर! लिहा, अकरा वर्षांपासून. कोणत्या तारखेपासून, तेबी लिहा!"

"कंप्युटरचं समदं काम," विजयकुमारनं जोडलं. "सर्व्हर, हजेरी, काटा, वेबसाइट. नेटवर्कबी टाका, मोठं वाटतं."

"अन् वागणूक?" साधनानं विचारलं. "वागणूक खराब असन म्हणून सोडून देत न्हाई म्हणतील."

"खराब कशी?" दादा भडकले. "लिहा, ह्यांच्याइतकं हुशार न् इमानदार माणूस आमाला आख्ख्या पंचक्रोशीत भेटणार न्हाई. ह्यांच्यावाचून आमचा एक दिवसबी भागत न्हाई."

"एक तासबी," विजयकुमार म्हणाला, कारण थोरल्यानं दिवस म्हटला होता.

तिनं शुद्ध मराठीत नीट लिहून काढलं. शेवटचं वाक्य 'सबब त्यांना आपल्याकडे घेऊ नये' तसंच ठेवलं. ती कागदात खोटं घालणाऱ्यांतली नव्हती. थोरल्यानं सही केली. धाकट्यानं थोरल्यापेक्षा थोडी मोठी केली. थोरल्यानं वळसा घालून कपाटातला शिक्का आणला, धाकट्यानं खणातून पॅड काढलं, आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच दोन्ही वस्तू एका टेबलावर आल्या. पॅड सुकलं होतं. मामांनी त्यावर थोडं पाणी शिंपडलं. शिक्का उमटला.

"आता हे पोस्टानं कधी पोचन?" दादांनी काळजीनं विचारलं.

"आज पाचच्या आत पाहिजे," साधना म्हणाली. "मीच नेऊन देते."

"तुमी? शाबास!" दादांना भरून आलं. "पाहा मामा, याला म्हणतात इमानदारी."

निघण्यापूर्वी तिनं मामांची परवानगी घेऊन सर्व्हर चालू केला, ती एक ओळ लिहिली आणि वायर जोडली. एवढ्या साऱ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. अलीकडे फेटा दिसला, पलीकडे हजेरी दिसली, एकाच वेळी. आज शुक्रवार म्हणजे पाळी धाकट्याची, तरी थोरल्याचं दिसतंय, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. काटा चालू झाला, गाड्यांची कागदपत्रं निघाली, ट्रक हलले. बाहेर तिचा नवरा रत्नपाल मोटरसायकल चालू करूनच उभा होता. कळमनुरी मागे पडेपर्यंत ती पिशवी छातीशी धरून बसली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी हिंगोलीच्या त्या कार्यालयात हरिचंद नावाच्या लिपिकानं कागद हातात घेतला. शेजारी यादी ठेवून तो एकेक रकान्यावर खूण करू लागला.

"कालावधी... अकरा वर्षं, तारखेसह. कामाचं स्वरूप... आहे. वर्तणूक... प्रामाणिक, पंचक्रोशीत. सर्व मालकांच्या सह्या... दोन. शिक्का... आहे, जरा ओला आहे. साक्षीदार? हा आम्ही मागितलाच नव्हता." मग तो शेवटच्या ओळीवर थांबला. त्यानं ती दोनदा वाचली आणि कागद घेऊन आत अधिकारी शिला मॅडमकडे गेला. साधना दाराजवळ सरकली. दार अर्धं उघडं होतं.

"मॅडम, मालक म्हणतात, यांना घेऊ नये."

"का?"

"यांच्यावाचून त्यांचं एक तासही भागत नाही म्हणून."

"घेऊ नये असा रकाना आहे का आपल्या यादीत?"

"नाही, मॅडम."

"मग खूण कशावर करणार? बाकीचं सगळं भरलंय ना? घ्या जमा करून. आणि हरिचंद, बाकीच्यांचे दाखले पाहिलेत ना? सगळ्यांचे मालक लिहितात, यांना सोडायला आमची हरकत नाही. कोणाच्याच मालकाला काही वाटलेलं दिसत नाही."

पाचला पाच मिनिटं असताना साधना पोच आणि रुजू होण्याचा आदेश घेऊन बाहेर आली. आवारातल्या नळावर तिनं तोंड धुतलं, तेवढ्यात फोन वाजला. वैजनाथदादा.

"दिलं का पत्र?"

"दिलं, दादा."

"वाचलं का त्यांनी?"

"दोनदा वाचलं."

"मग? वजन पडलं का न्हाई?"

"लई वजन पडलं, दादा. सोमवारपासून कामावर रुजू व्हा म्हणले. तुमचा न् भाऊंचा दाखला त्यांना फार आवडला."

मग दादांचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता.

"विजू, तू वाचल्याबिगर सही काहून केली रे?"

आणि त्याच फोनमधून, अगदी जवळून, विजयकुमारचा आवाज आला, "आधी तू केली! थोरला तू हायेस!"

साधनानं फोन बंद करून पिशवीत टाकला आणि रत्नपालच्या मागे मोटरसायकलवर बसली.